पट्टा बांधता, पण कुठे?

परवा ओपीडीत तीन महिन्यांची बाळंतीण आली. कमरेला रुंद पट्टा, श्वास कोंडेल इतका आवळलेला. "डॉक्टर, महिना झाला बांधतेय, रात्रीसुद्धा काढत नाही. तरी दुखणं तसंच." नेमकं कुठे दुखतं, असं विचारलं तर तिने नितंबाच्या वरच्या खळीजवळ एकच बोट टेकवलं. पट्टा दुखऱ्या जागेच्या चार बोटं वर होता!

पाठीच्या कण्याचा तळ आणि कटीचं हाड जिथे जुळतात, तिथे डावीकडे-उजवीकडे एकेक सांधा असतो. आम्ही त्याला 'एसआय जॉइंट' म्हणतो. त्याची हालचाल जेमतेम दोन-चार अंशांची, पण धडाचा भार पायांकडे जातो तो त्याच्यातूनच. गरोदरपणात त्याचे अस्थिबंध सैलावतात. बहुतेकींचे प्रसूतीनंतर पूर्ववत होतात. काहींना मात्र कुशीवर वळताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहताना कळ येत राहते. एक्स-रे बहुधा नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, हिला काही झालेलं नाही.

या सांध्याचा पट्टा अरुंद असतो आणि तो कमरेला नव्हे, कमरेखाली बांधायचा. पुढे ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना हाडांची टोकं हाताला लागतात, त्यांच्या खाली. बाजूला मांडीच्या हाडाच्या उंचवट्याच्या वर. बेताचा घट्ट पुरतो, जास्त आवळल्याने जास्त गुण येत नाही. चालताना, उभ्याने काम करताना बांधावा, झोपताना काढावा. योग्य जागी बांधूनही चालणं सोपं झालं नाही किंवा दुखणं वाढलं, तर तो तुमच्यासाठी नाही.

पट्टा सांध्याला आधार देतो, सांधा बरा करत नाही. तो कायमचा धरून ठेवायचे आहेत ते पोटाचे आणि नितंबाचे स्नायू. उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर हळूहळू उचलण्यासारखे साधे व्यायाम शिकून घ्यावेत आणि रोज करावेत. त्या काळात पट्टा सोबतीला असावा, इतकंच.

चूक त्या बाईची नव्हती, आमची होती. गर्दीच्या ओपीडीत चिठ्ठीवर 'बेल्ट' लिहिलं की पुढचा पेशंट आत येतो. मीही वर्षानुवर्षं तसंच केलं. मग कुठला घ्यायचा नि कसा बांधायचा, हे दुकानदार सांगतो. माझं म्हणणं एवढंच: पट्टा लिहून देणाऱ्याने तो एकदा बांधून दाखवावा, आणि कधी सोडायचा हेही त्याच चिठ्ठीवर लिहावं. पाच मिनिटं लागतात.

काही दुखणी पट्ट्याआड लपवू नयेत. लघवी अडणं, गुदद्वाराभोवती बधिरपणा, पायातली ताकद जाणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ताप आणि घटतं वजन सोबत असेल तर क्षयाची तपासणी हवी. तरुण वयात रोज सकाळी अर्धा तासाहून जास्त कंबर आखडत असेल आणि हालचालीने सुटत असेल, तर तो संधिवात असू शकतो.

आमच्या फिजिओथेरपिस्टने त्या बाळंतिणीला अरुंद पट्टा योग्य जागी बांधला. ती दारापर्यंत चालत गेली, वळली आणि हसली. तिला सहा आठवड्यांनी बोलावलंय. पट्टा घरी ठेवून.