नाव सापडत नसेल तर दोष यादीचा

ऑनलाइन अर्जात तालुका निवडताना अर्जदार ‘कराड’ टाइप करतो आणि यादी रिकामीच राहते, कारण यादी करणाऱ्याने ‘कऱ्हाड’ लिहून ठेवलेले असते. दोन्ही रूपे सर्रास छापून येतात. यादी इंग्रजीत असली की घोळ आणखी वाढतो. वाई, वर्धा, वाशिम ‘डब्ल्यू’खाली जातात, विटा आणि वेंगुर्ला ‘व्ही’खाली, ज्याला एकच ‘व’ ठाऊक, त्याने कुठे शोधायचे? त्यात २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. लोकांच्या जुन्या दाखल्यांवर जुनी नावे आहेत आणि समोरचा कागद बघून लोक तेच टाइप करणार. साध्या ड्रॉपडाउनला नाव कोणत्या अक्षराने सुरू होते एवढेच समजते. ही समज वाढवणे हे प्रोग्रामरचे काम आहे. त्याच्या स्पेलिंगचा अंदाज बांधत बसणे हे नागरिकाचे काम असूच शकत नाही.

नोंदी एकसारख्या राहायला हव्यात, प्रत्येकाने मनाला येईल तसे लिहिले तर हिशेब कसा लागणार, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याची सोय आधीच झालेली आहे. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड आहे. नोंद त्या कोडची ठेवावी आणि त्याला गावाची सगळी प्रचलित नावे जोडावीत. त्यासाठी लागते पर्यायी नावांचे एक टेबल. खर्चाची सबब इथे टिकत नाही. खरा धोका वेगळाच आहे. वडगाव, पिंपळगाव ही नावे कितीतरी तालुक्यांत आहेत, शिवाय बुद्रुक आणि खुर्द शेजारी शेजारी. ऑटोकम्प्लीटने पहिलेच नाव परस्पर भरून टाकले तर अर्ज भलत्याच गावाचा होतो. म्हणून प्रत्येक नावापुढे तालुका आणि जिल्हा दिसावा आणि निवड अर्जदारानेच करावी. देखणेपणासाठी ब्राउझरची मूळ यादी काढून स्वतःची बसवणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवे. बाणाच्या कळांनी खाली-वर जाणे, एंटरने निवडणे, स्क्रीन रीडरने पर्याय वाचून दाखवणे हे मूळ यादीत आयते मिळते. नव्या यादीत ते मुद्दाम लिहावे लागते. ते राहून गेले की दृष्टिहीन अर्जदाराचा अर्ज तिथेच अडतो. सरकारी खात्यांनी जुन्या-नव्या नावांनी शोधून आणि माउसला हात न लावता पूर्ण अर्ज भरून पाहावा, त्याशिवाय कंत्राटदाराचे बिल मंजूर करू नये.