कंबर दुखते म्हणून सतरंजीवर झोपायचं?

कंबर धरली की घरोघरी एकच सल्ला मिळतो, "गादी काढ, सतरंजीवर झोप." माझ्या मते हा सल्ला सरसकट देऊ नये. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९० दिवसांनी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता.

तुम्ही कसे झोपता, ते आधी पाहा. कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि खुबा थोडा रुतेल अशी गादी हवी, नाहीतर सगळा दाब तिथेच येतो. उताणे झोपणाऱ्यांना मध्यम कडक गादी बहुधा मानवते. पालथे झोपणाऱ्यांचं पोट मऊ गादीत खाली जातं, कमरेला बाक येतो. त्यांना जरा कडक बरी.

दुकानात गादी नुसती हाताने दाबू नका, 'ऑर्थोपेडिक' या लेबलवरही जाऊ नका. न लाजता दहा मिनिटं तिच्यावर पडून पाहा. घरची कापसाची गादी गोळे होऊन खचली असेल, तर आधी पिंजून घ्या.

मात्र पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर गाद्या बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी!