लोखंडी संगीताची पंगत

हेवी मेटल या नांवाचें एक पाश्चात्य संगीत आहे, हें आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवर आलेंच असेल. घरांत विशीच्या आंतला मुलगा असेल तर तें भिंतीपलीकडूनही आलें असेल. परंतु त्या संगीताच्या नांवावर उपहारगृहें चालतात व तेथें मंडळी मुलाबाळांसह जेवावयास जातात, ही गोष्ट पुष्कळांस नवी वाटेल. शिकागो शहरांत कुमाज कॉर्नर या नांवाचें असें एक उपहारगृह २००५ सालीं निघालें. तेथील बर्गरांस निरनिराळ्या हेवी मेटल वाद्यवृंदांचीं नांवें दिलेलीं असतात. आपल्याकडे मिसळीस एखाद्या घराण्याच्या गवयाचें नांव द्यावें, तसाच हा प्रकार. २०१३ सालीं या उपहारगृहानें घोस्ट नामक वाद्यवृंदाच्या नांवें एक बर्गर काढला व त्यावर कॅथलिक लोक प्रार्थनामंदिरांत प्रसाद म्हणून घेतात तसली पातळ चकती ठेवली. जोडीस तांबड्या द्राक्षमद्याचा आटवलेला रस. चकती मंत्रविलेली नव्हती, तरीही भाविक मंडळी संतापलीं. उपहारगृहानें एका कॅथलिक धर्मादाय संस्थेस १५०० डॉलर देऊं केले, तेही तिनें नाकारले. ताट आणि धर्म यांचें भांडण केवळ आपल्याच माजघरांत होतें अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवावा.

अमेरिकेच्या प्रवासांत अशाच एका उपहारगृहांत आम्ही तासभर बसलों होतों. भिंती काळ्या, चित्रें कवट्यांचीं, आणि आवाज असा कीं शेजाऱ्याला मीठ मागावयाचें तरी खुणेनेंच मागावें. वाढणाऱ्या मुलीच्या दोन्ही दंडांवर सर्प गोंदलेले होते. आम्ही शाकाहारी आहों हें ऐकतांच ती आंत गेली, चौकशी करून परत आली, आणि "बटाटे त्याच तेलांत तळतात, तुम्ही घेऊं नका" असें तिनें आम्हांस स्पष्ट सांगितलें. सोवळ्याचा ज्यांना गंधही नाहीं त्यांच्या ठिकाणीं ही दक्षता पाहून आम्ही चकित झालों. आम्हीं सेलरीच्या कांड्या खाल्ल्या. शेजारच्या मेजावर मात्र कोंबडीच्या पंखांच्या परातीच रित्या होत होत्या.

या पंखांचा इतिहास मनोरंजक आहे. न्यूयॉर्क संस्थानांतील बफेलो शहरीं अँकर बार म्हणून एक खाणावळ आहे. तेथें १९६४ सालीं टेरेसा बेलिसिमो या बाईनें प्रथम ते तळले, असें सांगतात. तोंवर पंखाला कोणी विचारीत नसे. तो सारासाठीं उकळत्या पाण्यांत जाई. बाईच्या यजमानांच्या सांगण्याप्रमाणें मागविलें होतें एक व आले पंख, म्हणून हा पदार्थ झाला. मुलाची हकीकत निराळी. शुक्रवारची रात्र होती. कॅथलिक गिऱ्हाइकांस त्या दिवशीं मांस वर्ज्य. मध्यरात्र उलटतांच उपास सुटणार, तेव्हां त्यांच्यासाठीं आईनें कांहीं तरी केलें. एकाच घरांत एकाच पदार्थाच्या दोन कथा! त्याच शहरांतील जॉन यंग या कृष्णवर्णीय आचाऱ्याचें म्हणणें तर असें होतें कीं, पंख विकावयास आपणच आरंभ केला. मात्र तो ते अखंड व पीठ लावून तळी. आम्हांस मुलाची हकीकत अधिक आवडते, कारण उपास सुटण्याची वाट पाहाणारीं तोंडें आम्हीं आमच्या घरींही पाहिलेलीं आहेत. बफेलोची कृति अशी: सांध्यावर पंखाचे तुकडे करावयाचे, टोंक टाकून द्यावयाचें, पीठ न लावतां तळावयाचे, व लोणी आणि मिरचीचा आंबट सॉस यांत घोळावयाचे. सोबत सेलरी व निळ्या बुरशीच्या चीजची चटणी.

संगीताविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. ज्यांना या संगीताचे आद्य प्रवर्तक मानतात, त्या ब्लॅक सॅबथ मंडळींचा जन्म इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांत झाला व त्यांची पहिली तबकडी १९७० सालीं निघाली. त्यांतील गिटारवादक टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा असतां पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होता. नोकरीच्या शेवटच्याच दिवशीं यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोंकें गेलीं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचींच बोटें गेलीं. त्यानें साबणाच्या प्लॅस्टिक बाटलीचीं टोपणें वितळवून बोटांस बसविलीं, त्यांवर कातडें चिकटविलें, आणि दुखूं नये म्हणून हलक्या तारा वापरल्या. पुढें त्या सैल सोडून स्वर खालीं आणला. तो जड, खर्जांतला आवाज अंशतः तरी या दुखापतीतून निघाला आहे. ५ जुलै २०२५ रोजीं या मंडळींनीं आपल्याच गांवीं शेवटची मैफल केली. त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न पुढें सतराच दिवसांनीं वारला. हें संगीत आम्हांस रुचत नाहीं, हें येथें सांगून टाकतों. परंतु जें रुचत नाहीं त्याच्यामागें तपश्चर्या नसतेच, असें म्हणण्याचा अधिकार त्यामुळें आम्हांस मिळत नाहीं.

हें सर्व आज लिहावयाचें कारण पुण्याच्या एका वाचक भगिनीचें पत्र. घर मोठें, माणसें नऊ. चिरंजीव शिक्षणासाठीं अमेरिकेंत. त्यानें अशा उपहारगृहांत मित्रांसह पंख खातांनाचें छायाचित्र घरच्या व्हॉट्सॲप-समूहावर पाठविलें. थोरल्या दिरांनीं "ताबडतोब काढून टाक" असें लिहिलें, मुलानें तें काढलेंही. परंतु तत्पूर्वीं सासूबाईंनीं तें पाहिलें होतें. त्यांनीं चष्मा पुसून पुन्हा पाहिलें, आणि मोबाईल खालीं ठेवला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. मात्र त्यानंतर तीन रविवार नातवाचा फोन आला कीं त्या पूजेंत असतात. घरांतील पुरुषमंडळींनीं असें ठरविलें आहे कीं, तें फ्लॉवरचें होतें म्हणून सुनेनें सासूबाईंस सांगावें. फ्लॉवरचेही तसे 'पंख' आतां मिळतात, तेव्हां गोष्ट खपेल. "मीं काय करावें?" असा भगिनींचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर नकाराचें आहे. साठ वर्षें ज्यांनीं स्वयंपाकघर चालविलें, त्यांना हाड आणि फ्लॉवरचा दांडा यांतील भेद कळत नाहीं असें समजणें हा त्यांचा नातवानें केला त्याहून मोठा अवमान आहे. शिवाय खोटें बोलण्याचें काम ठरविलें पुरुषांनीं आणि सोंपविलें सुनेवर, ही वांटणी आमच्या चांगल्या परिचयाची आहे. पदार्थाच्या नांवाचा आधार घेणें किती फसवें असतें, याचा तर न्यायालयानेंच निर्वाळा दिला आहे. अमेरिकेंतील ओहायो संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं चार विरुद्ध तीन मतांनीं असा निकाल केला कीं, 'बिनहाडाचे पंख' हें शिजविण्याच्या एका पद्धतीचें नांव आहे, हाड नसल्याची ती हमी नव्हे. बिचाऱ्या फिर्यादीच्या घशांत हाड अडकलें होतें!

१८९० सालचें पंचहौद मिशनचें चहाप्रकरण आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. गोपाळराव जोशांनीं पुण्यांतील बडी बडी मंडळी मिशनऱ्यांच्या येथें जमविलीं, चहा-बिस्किटें पुढें आलीं. कोणी पेला तोंडास लावला, कोणी नुसता हातीं घेतला. आणि मग नांवांची यादी वर्तमानपत्रांत झळकली. ग्रामण्य झालें, शंकराचार्यांपर्यंत वाद गेला, आणि न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुरुषानेंही १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. रमाबाईंनीं आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला आहे. सुधारकांनीं रानड्यांस त्याबद्दल पुष्कळ दोष दिला. तो वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. आज त्या चहाचें हसूं येतें; परंतु त्या वेळीं घरोघरच्या बायकांनीं श्राद्धाला ब्राह्मण मिळेना म्हणून किती अश्रु गाळले असतील, याची नोंद कोणत्याही यादींत नाहीं.

या भगिनींचा चिरंजीव त्या मंडळींहून एका बाबतींत सरस ठरतो. त्याची यादी दुसऱ्या कोणी छापली नाहीं. त्यानें आपण होऊन छायाचित्र पाठविलें. कदाचित् तो केवळ निष्काळजीपणा असेल. परंतु आमच्या समाजांत कित्येक पिढ्यांचा मांसाहार मित्राच्या खोलीवर व गच्चीच्या कोपऱ्यांत झालेला आहे, हें आपण सर्वजण जाणतों. (कोंकणांतील आमचे सारस्वत वाचक हें वाचून मिस्किल हंसत असतील, त्यांनीं हंसावें.) जो मुलगा ताटांतलें उघड दाखवितो, त्याला आपण पहिला धडा "काढून टाक" हा द्यावा काय? दुसऱ्या खेपेस तो दाखविणार नाहीं, इतकेंच होईल.

तेव्हां भगिनींनीं सासूबाईंजवळ बसून, नातू मांस खातो, हें सरळ सांगावें. त्यांना राग येईल. तो येण्याचा त्यांना अधिकार आहे, व त्यांच्या स्वयंपाकघरांत त्यांचाच नियम चालावा, याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं. त्यांनीं नातवाशीं बोलावें अशी गळ मात्र कोणी घालूं नये. रविवारीं फोन त्यांच्याजवळ ठेवून सर्वांनीं उठून जावें. आणि सासूबाईंस चाळीच्या ओट्यावर ऐकूं जाईल असा खडा आवाज असेल, तर नातवाच्या संगीताविषयींही त्यांनीं त्याला चार शब्द सुनवावे. त्यांत आमची त्यांना पूर्ण अनुमति आहे.

पत्राच्या शेवटीं भगिनींनीं त्या फ्लॉवरची कृति विचारली आहे, कारण चिरंजीव डिसेंबरांत येतो व त्याला ते घरीं करावयाचे आहेत. फ्लॉवरचे बेताचे तुरे मैदा व कॉर्नफ्लोअर यांच्या सैलसर पिठांत बुडवून दोनदां तळावे, म्हणजे कुरकुरीत राहातात. लोणी व मिरचीचा आंबट सॉस समभाग घेऊन मंद आंचेवर एकजीव करावा आणि वाढण्याच्या अगदीं आधीं त्यांत तुरे घोळावे. बाजारच्या त्या सॉसांत बहुधा लसूण असतो. सासूबाई लसूण खात नसतील, तर त्यांच्यापुरते तुरे नुसत्या लोण्यांत व लाल तिखटांत घोळून आधीं बाजूला काढावे.