रंगाखालचा हिशेब



गेल्या महिन्यात एका परिचित कापड व्यापाऱ्यांनी मला मुद्दाम पेढीवर बोलावून घेतले. त्यांचा धाकटा मुलगा विज्ञान शाखेचा पदवीधर आहे आणि विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये पृष्ठभागाची तयारी व रंगकाम शिकण्याचे त्याने मनात घेतले आहे. "साहेब, तीन पिढ्यांची गादी सोडून हा रंगारी होणार म्हणतो. चार शब्द समजावून सांगा," असे ते म्हणाले. बँकेतील सेवेत मी असंख्य उद्योगांचे कर्जप्रस्ताव तपासले. पण हा व्यवसाय त्यांत कधी आला नव्हता. दुसऱ्याला समजावण्यापूर्वी आपण समजून घ्यावे, म्हणून थोडा अभ्यास केला. त्याचे सार आज आपल्यापुढे ठेवतो.

विमानाचा रंग ही केवळ शोभा नव्हे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आर्द्रता, खारी हवा आणि यंत्रांतील तेले यांपासून वाचवणारे ते कवच आहे. मोठ्या विमानावरील रंगाचे वजन काहीशे किलो भरते आणि प्रत्येक उड्डाणात ते इंधन जाळूनच वाहून न्यावे लागते. म्हणून थर पातळ तर हवा, पण उणा नको. हा जमाखर्च मायक्रॉनमध्ये मोजला जातो.

प्रत्यक्ष रंग फवारणे हा या कामाचा शेवटचा आणि त्या मानाने लहान भाग. आधी जुना रंग रसायनाने मऊ करून उतरवतात. तेथे धारदार लोखंडी पाते चालत नाही. आकाशात प्रत्येक वेळी विमानाचे अंग आतील हवेच्या दाबाने किंचित फुगते आणि उतरल्यावर पूर्ववत होते. अशा पत्र्यावरचा बारीक ओरखडाही कालांतराने भेगेचे मूळ ठरू शकतो. बोइंग 737 जातीच्या काही विमानांवर रंग व सीलंट खरवडताना पडलेल्या अशा रेघा आढळल्या, तेव्हा अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाला त्यांच्या तपासणीचे आदेश काढावे लागले. कार्बन तंतूंच्या विमानांवर तर नेहमीचे रसायनही चालत नाही. तेथे हलक्या हाताने घासूनच रंग काढावा लागतो.

त्यानंतर पत्रा धुऊन त्यावर पाणी सोडतात. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर पत्रा स्वच्छ. कोठे फुटून थेंब झाले तर तेथे तेलाचा अंश उरला आहे, पुन्हा धुवा. मग गंजरोधक रासायनिक लेप, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि अखेरीस पॉलियुरेथेनचा रंग. सुकाणू व पंखांवरील हलत्या झडपांना रंग दिल्यावर त्यांचा तोल नव्याने तपासतात, कारण रंगाच्या वजनानेही तो बिघडू शकतो. हे सारे रंगाखाली झाकले जाते. प्रवाशाला दिसते ती फक्त चकाकी.

कतार एअरवेज आणि एअरबस यांच्यातील वाद पाहा. ए350 विमानांचा रंग उखडून त्याखालील वीजसंरक्षक धातूची जाळी उघडी पडू लागली. ग्राहकाने हा सुरक्षेचा प्रश्न मानला, विक्रेत्याने नाही. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले, 2022 च्या आरंभी एअरबसने त्याच ग्राहकाची दुसऱ्या विमानांची मागणीही रद्द केली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये तडजोड झाली. रंगाच्या थराने दोन मातब्बर पेढ्यांचे संबंध असे ताणले.

पण मला अंतर्मुख केले ते दुसऱ्या एका घटनेने. 2 ऑक्टोबर 1996 रोजी मध्यरात्रीनंतर पेरू देशातील लिमाहून एरोपेरू कंपनीचे बोइंग 757 विमान चिलीच्या सान्तियागोकडे निघाले. उड्डाणापूर्वी ते धुऊन पुसून चकचकीत केले होते. विमानाच्या अंगावर बाहेरील हवेचा दाब मोजणारी लहान छिद्रे असतात. त्यांत पाणी जाऊ नये म्हणून कामगाराने त्यांवर चिकटपट्टी लावली होती. काम संपले आणि ती काढायची राहिली. पर्यवेक्षकाच्या लक्षात आले नाही, उड्डाणापूर्वीच्या पाहणीतही दिसले नाही. आकाशात उंची व वेग दाखवणारी यंत्रे खोटे आकडे दाखवू लागली. खाली अंधारा समुद्र. वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला उंची विचारली. पण कक्षाच्या पडद्यावरचा आकडाही विमानाच्याच यंत्रातून येत होता. यंत्र 9,700 फूट दाखवत असताना विमान पाण्याला टेकले. 70 जण होते. कोणीही वाचले नाही.

बँकेत आम्ही दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय घरी जात नसू. एका रुपयाचा फरक असला तरी सगळी व्हाउचरे पुन्हा चाळायची. तरुणपणी मला तो जाच वाटे. चिकटपट्टीचा हा वृत्तांत वाचल्यावर त्या जाचाचा अर्थ नव्याने कळला. किती पट्ट्या लावल्या, किती काढल्या, कोणी मोजल्या आणि कोणी सही केली, हीच हँगरमधील दिवसअखेरीची रोकड. फरक इतकाच की तेथील तूट दुसऱ्या दिवशी भरून काढता येत नाही.

या कामात जोखीमही आहे, ती लपवू नये. काही प्रायमरमधील क्रोमियमची संयुगे कर्करोगकारक आहेत आणि पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. म्हणून बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, पूर्ण अंगाचा पोशाख, हवा खेचणारी यंत्रणा आणि नियमित आरोग्य तपासणी हवीच. मुलाने वेतन विचारण्याआधी हे विचारावे. ती संस्था नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यताप्राप्त आहे का, हेही पाहावे.

पुन्हा पेढीवर गेलो तेव्हा मी मुलाला काही समजावले नाही. वडिलांनाच एक प्रश्न विचारला, "शेठजी, आपण नवा गुमास्ता ठेवताना काय पाहता?" ते म्हणाले, "पाठीमागे कोणी नसतानाही त्याचे माप बरोबर असावे." मी म्हटले, "मग विमानाचे मालकही नेमका तोच माणूस शोधत आहेत. आपल्या घरात तो तयार झाला असेल, तर ही गादी सुटली असे का मानता?"

शेठजी काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला हाक मारली आणि प्रशिक्षणाची फी किती, हे विचारले.