सहलीला लांबच जायला हवं का?

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, सहल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी एसटी उभी राहते. मग सिंहगड, शनिवारवाडा, वर्गणी, पालकांची संमतीपत्रं. मीही दरवर्षी हेच करत आले. पण मुळशी तालुक्यातल्या माले गावाकडे जाऊन आल्यापासून माझं मत बदललंय.

पौड सोडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं की मुळशी धरणाजवळ हे छोटंसं गाव येतं. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, ती पाणी बघायला. पाण्याखाली काय आहे हे कोण विचारतं? उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला जुन्या घरांची जोती उघडी पडतात. दगडांची एक ओळ, बस. छप्पर नाही, दार नाही.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. टाटा कंपनीच्या या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सुमारे पन्नास गावांच्या जमिनीचा प्रश्न होता. सेनापती बापट याच लढ्यातले. आपल्या मुलांना मात्र ते पुण्यातल्या एका रस्त्याचं नाव म्हणूनच माहीत! १९२४ पर्यंत लढा चालला, तरी धरण झालंच. मुळा नदी वाहते पुण्याकडे; पण अडवलेलं पाणी उलटं, सह्याद्रीतून खाली कोकणात भिऱ्याला सोडतात. तिथे वीज तयार होते. म्हणजे इतिहास, भूगोल, विज्ञान, सगळं एका काठावर.

हे मी चौथीच्या वर्गात सांगितलं. एका मुलीने विचारलं, "बाई, घर सोडताना त्यांनी जातं नेलं असेल का?"

कुठल्या गाइडमध्ये आहे याचं उत्तर? सिंहगडावर मला असा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. तिथे सगळ्यांचं लक्ष पिठलं-भाकरीकडे.

"पडक्या दगडांत काय बघायचं?" असं आपल्यातलेच काही म्हणतील. धरणाच्या गाळात मुलांना उतरवा असं मी मुळीच सांगत नाही, तो धोका घ्यायचाच नाही. शिवाय पाणी उतरतं नेमकं सुट्टीत! पण बंद पडलेली धर्मशाळा, ओस वाडा, कोरडी बारव, असं काहीतरी तुमच्याही शाळेजवळ असेलच ना?

आमच्या वर्गाने यंदा गावातली जुनी चावडी निवडली आहे. सामान एवढंच: मोजपट्टी, वही आणि सोबत एक आजोबा.