नेरळची चिठ्ठी आणि कवितेचा वार्षिक ताळेबंद

वर्ष संपत आलं की ‘सरत्या वर्षातील मराठी कविता’ असा एखादा लेख कुठे ना कुठे येतोच. साचा ठरलेला असतो. आधी संग्रहांची यादी, मग पुरस्कारांची, आणि शेवटी कवितेला वाचक उरला नाही ही हळहळ. या साच्यात २०२४ बसवून पाहा. फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष रवींद्र शोभणे, म्हणजे कादंबरीकार. ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यात गौरव झाला तो भाषेच्या वयाचा. डिसेंबरात साहित्य अकादमीचा पुरस्कार सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ला जाहीर झाला. पुस्तक समीक्षेचं, आणि कवी सापडला तोही गद्यात! २०१९ साली अनुराधा पाटील यांच्या ‘कदाचित अजूनही’ला हा मान मिळाला, त्यानंतर तोवर एकाही मराठी कवितासंग्रहाला मिळालेला नव्हता. मग काय, कवितेचं वर्ष कोरडं गेलं असं म्हणायला आढावेकार मोकळा.

मला हे मान्य नाही. कारण त्याच वर्षी जुलैत कर्जत तालुक्यातल्या नेरळला जे घडलं, तेवढी चर्चा वर्षभरात कवितेशी संबंधित दुसऱ्या कशाचीच झाली नसेल. एक बंद घर फोडून चोराने टीव्हीसकट सामान नेलं. राहिलेलं न्यायला तो पुन्हा आला, तेव्हा त्याला कवी नारायण सुर्वे यांचा फोटो आणि सन्मानचिन्हं दिसली. नेलेलं सामान त्याने परत आणून ठेवलं आणि हे घर त्यांचं आहे हे ठाऊक नव्हतं, माफ करा, अशा अर्थाची चिठ्ठी भिंतीला चिकटवली. पोलीस टीव्हीवरचे ठसे तपासत बसले आणि बातमी देशभर फिरली.

लगेच दोन पक्ष पडले. पहिला भाबडा: बघा कवितेची ताकद, चोरसुद्धा सुधारला! सुधारला कुठे? चिठ्ठीतला खेद चोरी केल्याचा कमी आणि घर चुकल्याचा जास्त होता. वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकऱ्याच्या झोपडीत सन्मानचिन्हं नसतात. तिथून उचललेला मोबाइल कोणी चिठ्ठी लावून परत केला असता का? आणि सुर्व्यांच्या कवितेचं सगळं वजन तर त्या झोपडीच्या पारड्यात आहे. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेलं हे पोर, लहानपणी जेमतेम चौथीपर्यंत शिकलेलं, पुढे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग मास्तर झालेलं. मोठ्या माणसाचं घर वगळावं आणि बाकीची खुशाल फोडावीत, हा न्याय त्यांच्या नावावर खपवणं म्हणजे कवितेचा विजय नव्हे.

दुसरा पक्ष कडवट. त्याचं म्हणणं, चोराने ओळखला तो फोटो. कविता त्याने कशाला वाचली असेल? पुतळ्याला हार घालावा तशातलाच हा प्रकार. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण टिकत नाही. नावाला किंमत नसती तर फोटो ओळखूनही टीव्ही गेलाच असता. मान्यवरांच्या भिंतीवरची प्रशस्तिपत्रं पाहून चोर माघारी फिरतात असा काही आपला अनुभव नाही. १९९८ची पद्मश्री किंवा १९९५च्या परभणी संमेलनाचं अध्यक्षपद त्याने विचारात घेतलं असेल असंही वाटत नाही. मग हे नाव त्याच्यापर्यंत कुठून पोहोचलं? नक्की त्यालाच ठाऊक. पण ज्या वाटा संभवतात त्या मोजक्या आहेत: शाळेतलं मराठीचं पुस्तक, एखादी कामगार सभा, एखाद्या गावच्या व्याख्यानमालेत सुर्व्यांनी खड्या आवाजात म्हटलेली कविता. उतारवयात ते नेरळलाच राहायला आले होते, तेव्हा गावातल्या बोलण्यातूनही कानावर पडलं असेल. संग्रह विकत घेणारा गिऱ्हाईक यात कुठेच नाही. आणि आढावेकार मोजतो तो नेमका तोच.

माझं म्हणणं असं, की मराठी कवितेचा मोठा व्यवहार आजही कानावर चालतो आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. कर्जत-खालापूरच्या आगरी लग्नात धवलारीण बसते. हळदीपासून मांडवापर्यंत ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते. जुन्या रीतीत लग्न लावण्याचा मानही तिचाच. शेकड्याने ओळी तोंडपाठ, समोर अख्खं गाव. इतका श्रोतृवर्ग स्वखर्चाने संग्रह छापणाऱ्या किती कवींना मिळतो? वाडीवरच्या ठाकरांची ढोलावरची गाणी तर यादीच्या आसपासही फिरकत नाहीत. फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीच्या संमेलनाला तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या. बायकांच्या मौखिक रचनांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं आहे. त्या निमित्ताने तरी आढाव्याची वही थोडी रुंद करता आली असती.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: लोकगीत वेगळं, कविता वेगळी, सगळं एका तागडीत घालू नका. ठीक. धवल्यांत ठरावीक ओळी पुन्हा पुन्हा येतात, काही धवले निव्वळ भरताड असतात, हे मीही म्हणेन. पण हीच चाळणी यादीतल्या संग्रहांना लावायची तयारी आहे का? आणि मी काही गुलाबी चित्र रंगवत नाही. मांडवात डीजे आला, लग्न लावायला भटजी आले, आणि धवलारणीला बोलावणं यायचं थांबत चाललंय. कवितेचा श्रोता खरोखर कमी होत असेल तर तो इथे होतोय. वार्षिक आढाव्याने विचारावं ते हे: यंदा किती मांडवांत धवले म्हटले गेले, किती शाळांत कविता मोठ्याने वाचली गेली?

१५ ऑक्टोबर २०२६ला सुर्व्यांच्या जन्माला शंभर वर्षं होतात. त्यासाठी सभागृहं मुंबई-पुण्यात ठरतील, शाली येतील, त्याला माझी हरकत नाही. मात्र कर्जत-खालापूरच्या आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत त्या दिवशी मास्तरांनी आणि बाईंनी सुर्व्यांची एक अख्खी कविता वर्गासमोर उभं राहून म्हणावी, आणि मग पोरांना घरी म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांतलं एक म्हणायला लावावं. याला अनुदान लागत नाही आणि समितीही लागत नाही.