लाल रेघ कुणी मारली?

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. पोरं वीस-पंचवीस, कॉम्प्युटर एक. तोही कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेला. मी शिकवतो म्हणण्यापेक्षा पोरांसोबत बसतो.

परवा सातवीतली एक पोरगी त्याच्यापुढं बसली. आपण बोलायचं, त्यानं लिहून काढायचं. ती बोलली, ‘म्या भाकर खाल्ली आन् शाळंला आले.’ मशीननं भलतंच काहीतरी लिहिलं. ती पुन्हा बोलली. पुन्हा भलतंच. मग तिनं टीव्हीवरच्या बाईसारखा आवाज काढला, पुस्तकी मराठीत तेच वाक्य म्हटलं. झरझर अक्षरं उमटली.

पोरगी माझ्याकडं वळली. ‘दादा, माझं चुकलं व्हतं का?’

मी गप्प. ह्याच ‘म्या’साठी माझ्या वहीवर लाल रेघ पडली होती, वर्ग हसला होता. तेव्हा मास्तर होता, आता मशीन आहे. रेघ तीच.

मशीनला जात नसते म्हणतात. कबूल. पण मशीनला घास भरवणारा हात कुणाचा? त्याला शब्दांची यादी दिलेली असते. यादीत नसलेला शब्द लाल. त्याला आवाजांचे नमुने ऐकवलेले असतात. ज्यांचे आवाज ऐकवलेच नाहीत, ते त्याच्या लेखी बहिरट बोलणारे. अमेरिकेत २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांची अशी यंत्रं तपासली. गोऱ्यांच्या शंभर शब्दांमागं सरासरी १९ चुका, काळ्यांच्या शंभरामागं ३५. ज्या काळ्या पँथरांचं नाव आपल्या पोरांनी १९७२ साली घेतलं, त्यांच्या नातवंडांच्या तोंडचं इंग्रजीही मशीनला नीट कळत नाही!

आणि ‘म्या’ ही चूक आहेच कुठं? नीट बघा. पोरगी ‘म्या खाल्ली’ म्हणाली, पण ‘म्या आले’ नाही म्हणाली. खाणं सकर्मक, येणं अकर्मक. तिची जीभ तो फरक पाळते. पुस्तकी मराठीनं दोन्हीकडं ‘मी’ करून टाकलं. जुन्या ग्रंथांत ‘म्यां’ सर्रास सापडतं. पंडितानं लिहिलं तर व्याकरण, आमच्या आयांनी जपलं तर अशुद्ध. वा रे न्याय!

मग मशीन फोडायचं? बिलकुल नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. भाषेच्या दारावर पहारा बसवणं हा जुना धंदा आहे. आणि मशीनमध्ये एक गुण आहे, तो मास्तरात नव्हता. कानाला लावून पोरगं इंग्रजीचं एक वाक्य पन्नास वेळा ऐकतं, पन्नास वेळा म्हणतं. मशीन कंटाळत नाही, आडनाव विचारत नाही, हसत नाही. पोटाला पुस्तकी मराठी लागते, इंग्रजी तर लागतेच. ती आम्ही घेणारच. पण आईची जीभ गहाण टाकून नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. त्या पोरीनं आजीची दुष्काळातली गोष्ट मोबाईलवर टेप केली. पोरांनी ती थांबवत, मागं नेत, आजीच्याच बोलीत टाइप केली. शेजारी पुस्तकी मराठीत लिहिली. तिसऱ्या रकान्यात इंग्रजी. शब्दाशब्दावर भांडणं झाली. त्या भांडणात व्याकरण जेवढं कळलं, तेवढं मला दहा वर्षांच्या शाळेत कळलं नव्हतं. लाल रेघ येत होती. पोरं म्हणाली, ‘येऊ दे. त्याला म्हाईत नाही.’ आणि तो शब्द मशीनच्या यादीत घातला. रेघ गेली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत कॉम्प्युटर द्या, पण कुलपात नको, पोरांच्या हातात द्या. सोबत जिवंत मास्तर द्या. त्याच्याऐवजी मशीन नको. आणि मशीनला शिकवायची वेळ येईल तेव्हा आमच्या वस्तीचा आवाज त्यात असला पाहिजे.

पोरगी चुकली नव्हती. मशीनच अडाणी होतं. आता आम्ही त्याला शिकवतोय.